पावती क्रमांक एकेचाळीस

शकूरभाई टायपिंगचे पानाला वीस घेतात.
मी गेले तरी वीस, गायधनी गेले तरी वीस.
सीबीएससमोरचा झेरॉक्सवाला बाई-बाप्या बघत नाही,
कोर्ट फीचा स्टॅम्प बघत नाही, बारची वर्गणी बघत नाही.
काळ्या कोटाचा शिंपी तेवढा
मला पन्नास जास्त लावतो. म्हणतो, फिटिंग असतं ना.

जाताना सगळं सारखंच जातं.
येताना वाटेत कुठेतरी गळतं.

मोहाडीच्या बोरस्त्यांचा चेक परत आला होता.
एकशे अडतीसची केस, साडेअकरा लाख, द्राक्षांचे.
नोटीस मी काढली, तिचे पंधरा दिवस मी मोजले,
बँकेचा मेमो मीच शोधला, त्यांच्याच पिकअपच्या सीटखाली.
उलटतपास रात्री दोनपर्यंत लिहिला
आणि सकाळी गायधनींना समजावला.
त्यांनी तो घेतला छान. आवाज आहे त्यांना.
निकाल आपल्या बाजूने.

मग शकूरभाईंनी चुकून
दोघांची बिलं एकाच पाकिटात घालून दिली मला.
त्यांचे साठ हजार.
माझे अठरा.

अठरा मीच सांगितले होते, खोटं का बोलू.
पंचवीस ओठांवर होते,
तेवढ्यात बोरस्ते म्हणाले, ताई, तुम्ही काय, घरच्याच.
म्हणजे ताई या शब्दाचे झाले सात हजार.
उरलेले पस्तीस कोणत्या शब्दाचे
ते अजून सापडत नाही.

त्याच आठवड्यात पोटगीच्या अर्जात मी भांडत होते,
अर्जदार अकरा वर्षं घरी बसून नव्हती,
तिच्या कामाचं मोल धरलं जावं.
मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं
आणि लिहून घेतलं.

सरकारी पॅनेलवर म्हणे असलं काही नाही,
सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत तारखेचा दर एकच.
खरं आहे. दर एकच आहे.
तारखा कुणाला किती, ते मोजा म्हणावं.

फेब्रुवारीत बोरस्ते पेटी घेऊन आले.
ताई, मुलांना.
मला मुलं नाहीत.
मी पावती पुस्तक काढलं.
क्रमांक एकेचाळीस. मिळाले: द्राक्षे, एक पेटी,
चार किलो, आजच्या पिंपळगावच्या भावाने.
बाकी येणे:

तिथे पेन थांबलं.
बोरस्ते हसत होते, अहो ताई—
वकील, मी म्हटलं.
ते हसायचे थांबले, मग पुन्हा हसले, जरा कमी.

ती पावती अजून पुस्तकातच आहे, अर्धी.
द्राक्षं गोड होती, त्याबद्दल तक्रार नाही.
निम्मी शकूरभाईंना दिली.
त्यांनी दोन घोस काढून ठेवले नातीसाठी,
हात पुसले,
आणि माझ्या सात पानांचे
एकशे चाळीस घेतले.