तीस टक्के

गुरुवारी संध्याकाळी टाकीवरचा दिवा गेला.
वीज होती. पंखा फिरत होता, शेजारच्यांची मालिका चालू होती.
फक्त त्या निळ्या पट्टीने एकदा डोळा मिचकावला
आणि मिटला तो मिटलाच.
ड्रायव्हर जळालाय, म्हणाला वाशीचा शमसुद्दीन
नुसता वास घेऊन.
नवा चेन्नईहून येईल. मंगळवारी. बहुतेक.

मी घाबरलो, खरं सांगतो.
स्वयंपाकघरातली ट्यूब काढून इथे लावू का,
इथवर गेलं डोकं.
हर्षला भाजी निवडता निवडता म्हणाली,
"समुद्रावर कधी आभाळच येत नाही का?
आठ-आठ दिवस ऊन नसतं
तेव्हा तुझी प्रवाळं कुणाकडे अर्ज करतात?"

मग जमेल ते केलं.
पाणी हलतं ठेवलं, पंप एक घर वर.
माशांचं खाणं निम्म्यावर आणलं.
रात्रभर खिडकी उघडी, डास आले तर आले.
तापमान तासातासाला: सव्वीस, सव्वीस, साडेपंचवीस.
अंधारात प्रवाळ घर बांधत नाही,
म्हणून चुन्याचे थेंबही कमी केले.
समोर टॉवरचा सांगाडा उभा आहे दोन वर्षं,
सळया आभाळात.
त्याचेही थेंब कुणीतरी कमी केले असणार.

आजा माझा खाडीकाठच्या मिठागरात राबला.
मीठ पिकतं म्हणायचा, भातासारखं.
मी मीठ विकत आणतो, बादलीभर, परदेशी शिक्क्याचं,
गाळलेल्या पाण्यात ढवळतो, खारटपणा यंत्राने मोजतो,
आणि खाडी करावे गावातल्या या घरापासून
चालत सात मिनिटांवर.
तिचं पाणी टाकीत चालत नाही.
हे आजाला कोणत्या तोंडाने सांगितलं असतं?

शनिवारी रात्री बॅटरीला लाल जिलेटीन गुंडाळून
टाकीसमोर बसलो, स्टुलावर.
दिवसा फुललेला असतो तो हॅमर
मुठीएवढा आवळलेला.
दगडाखालून एक किडा निघाला, केसाळ,
तीन वर्षं माझ्याच घरात राहतोय
आणि आज पहिल्यांदा भेटला.
नारिंगी जोडी एका कोपऱ्यात,
पाणी लोटेल तशी हलत, झोपलेली.
पंपाचा आवाज तेवढा जागा.

रविवारी कडेच्या जांभळ्या फांदीचं टोक
पांढरं दिसलं. नखाएवढं.
हर्षलाला सांगितलं नाही.
तिने सोमवारी स्वतःच पाहिलं, तीही बोलली नाही.

मंगळवारी आलं नाही पार्सल.
बुधवारी दुपारी आलं.
शमसुद्दीनने पाय पसरून, जमिनीवर बसून जोडलं,
चहा तसाच निवला त्याचा.
पट्टी लागली आणि भिंत निळी झाली,
छताचा पंखा निळा, हर्षलाची बांगडी निळी.
माझा हात बटणाकडे. शंभर. एका दमात शंभर.
सहा दिवसांचं सगळं देणं एकदाच चुकवून टाकावं.

"थांब," हर्षला म्हणाली.
"तापातून उठलेल्याला कुणी पंगतीला बसवतं का?
आधी पेज."

तीस टक्के. चार तास.
हॅमरने एक बोट उघडलं, मग पुन्हा मिटलं.
फांदीचं टोक पांढरंच आहे.
दिवा बंद करून खिडकी लावून घेतली.
वहीत लिहिलं: आज तीस.
उद्या पस्तीस.