भूर्जावरची गाठ

पिनेगा नदी गोठली की बाबा जंगलात जातात.
कुऱ्हाड, पोतं, कानटोपी, आणि खिशात
शेजारच्या अवदोत्यानं लिहून दिलेला कागद:
जिवंत झाडाचीच घ्यावी, मेलेल्याची नको.
पाणी उकळू देऊ नये, वाफ धरली की उतरवावं.
सहा तास झाकून ठेवावं.

चागा म्हणतात तिला आमच्याकडे.
पांढऱ्या भूर्जाची साल फाडून आलेली, कोळशासारखी काळी,
आतून गंजलेली.
झाडाची गाठच ती.
झाड तिच्यासकट वीस वीस वर्षं उभं राहतं,
म्हणून बाबांना वाटतं, तिला काहीतरी ठाऊक असणार.

आईची गाठ डाव्या बाजूला.
जर्दाळूएवढी, डॉक्टर म्हणाल्या, आणि आई हसली:
"एवढ्या उत्तरेत जर्दाळू पिकलं म्हणायचं."

दर तिसऱ्या सोमवारी अर्खांगेल्स्कची बस.
चार तास. मग थेंब थेंब. पुन्हा चार तास.
परतताना ती प्लास्टिकची पिशवी मांडीवर धरून बसते
आणि कुणाची गाय कधी व्याली ते सांगत राहते.

चागाचं मी विचारलं रुफिना मार्कोव्हनांना.
त्या चष्मा पुसत राहिल्या.
"मूत्रपिंडं आधीच थकलीत. नको.
पण तुमच्या वडिलांच्या हातांना
दुसरं काही काम आहे का?"

नव्हतं.
लाकडाची गिरणी बंद पडून सात वर्षं झाली.

रोज संध्याकाळी बाबा कप आणतात, दोन्ही हातांनी.
ते सरपण आणायला वळले
की आई तो खिडकीतल्या जिरॅनियमला पाजते.
"औषध त्याचं आहे," मला म्हणाली,
"आजार तेवढा माझा."
जिरॅनियम मेलं नाही. उलट फेब्रुवारीत फुललं,
बाहेर उणे एकतीस असताना.
मी त्यातून काही अर्थ काढला नाही.

मार्चमध्ये केस गेले, मग भुवया.
एप्रिलच्या स्कॅनमध्ये गाठ
वाटाण्याएवढी नव्हती, पण जर्दाळूही उरली नव्हती.
कशानं, ते बाबांनी विचारलं नाही.
अवदोत्यानं विचारलं, आणि उत्तरही तिनंच दिलं.

त्या रात्री मी पाणी प्यायला उठले.
बाबा खिडकीशी होते, दिवा न लावता.
कुंडीखालची बशी उचलत होते,
काळ्या पाण्यानं काठोकाठ भरलेली.
एक थेंब न सांडता त्यांनी ती बादलीत ओतली,
बाहीनं पुसली,
होती तिथे ठेवली.

मग उद्यासाठी चागाचा तुकडा फोडायला बसले,
फडक्यात गुंडाळून,
हळू,
आई जागी होऊ नये म्हणून.