वायसर

विमान नादीहून गुरुवारी रात्री सुटलं
आणि लॉस एंजेलिसला उतरलं तेव्हा
त्याच गुरुवारची दुपार होती.
अठरा महिन्यांतले सात कापून घेतले
आणि वर एक गुरुवार दोनदा दिला.
व्हर्लिन म्हणाला, हिशोब बरा आहे.
मग आयडाहो येईपर्यंत तो बोलला नाही.

घरात नातू राहतो, त्याची बायको पोटुशी.
म्हणून आम्ही अंगणातल्या ट्रेलरमध्ये, चौदा दिवस.
बटाट्याच्या शेतावर मार्चचा मळकट बर्फ,
आणि माझ्या पावलांवर अजून
चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे वण,
तारावाच्या उन्हात उमटलेले.

कर्स्टा पायरीवर सूपचं भांडं ठेवते,
दहा पावलं मागे जाते, मग हात हलवते.
मी काचेतून म्हणते, माउरी.
तिला वाटतं मला काहीतरी हवंय.
काही नको गं.
तिकडे भेटल्यावर असं म्हणतात.
त्याचा अर्थच मुळी धडधाकट असणं, जिवंत असणं.
अकरा महिने दिवसातून पन्नास वेळा म्हणत होते,
शब्दाला एवढं वजन आहे हे
बंद काचेमागून म्हणताना कळलं.

तिसऱ्या दिवशी चर्चच्या अध्यक्षांचा फोन.
आवाज भला होता, बिचाऱ्याकडे आमच्यासारखी
अकरा जोडप्यांची यादी होती.
म्हणाले, या क्षणापासून तुम्ही मोकळे.
मोकळे.
मोकळं भांडं असतं, मोकळी खुर्ची असते.
सत्तरीतली दोन माणसं मोकळी झाली
की त्यांनी कुठे जाऊन बसायचं?
मी छातीवरची काळी पाटी काढली,
सिस्टर थेरकिलसन, पांढऱ्या अक्षरांत.
मागे लोहचुंबक आहे तिच्या.
फ्रिजला लावली. चिकटली.
आता आमचा फ्रिज सिस्टर थेरकिलसन आहे.
यावर तरी तो हसेल असं वाटलं होतं.

तो खिशात हात घालून बसलेला.
खिशात रबरी वायसर, पाऊण इंची.
शाळेमागच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीला
शेवटचा नळ बसवायचा राहिला होता.
वायसर हातात, पान्हा हातात,
आणि तेरेतिया धावत आली, फोन कानाला तसाच धरून:
उद्या सकाळचं विमान, त्यानंतर नाही.
अर्ध्या ताटावरून उठावं तसे उठलो.
हात धुवायलाही वेळ नव्हता,
जगभर तेव्हा सगळे हातच धूत होते.

दुपारी बाराला माझ्या घड्याळाचा गजर होतो.
तिकडे तेव्हा उद्याची सकाळ, सहा वाजलेले,
तेबाऊ जाळं झटकत असेल,
कोंबड्या फणसासारख्या त्या झाडाखाली.
मी गजर बंद करत नाही.
व्हर्लिनही कर म्हणत नाही.

नवव्या दिवशी तेबाऊचा निरोप आला, फोटोसकट.
नळ चालू, खाली बादली, बादलीशी चार पोरं.
तुमची एक चप्पल दारात राहिली होती,
तिच्या टाचेतून वायसर कापला.
दुसरी चपलही ठेवलीय,
पुढच्या नळाला होईल.

व्हर्लिनने फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला.
पोरांचे चेहरे बाजूला सरकवले,
नळाच्या आट्यांशी येऊन थांबला.
गळत नाहीये, म्हणाला.
आणि थोड्या वेळाने पुन्हा,
अजिबात गळत नाहीये.
तेव्हा मी पाठ फिरवून
धुतलेलं भांडं परत धुवायला घेतलं.
माणसाला कधीकधी
आपल्यावाचून अडलं नाही याचा आनंद
एकट्याने करू द्यावा लागतो.

रात्री ट्रेलरचा नळ टपटपत होता.
तो उठला, दिवा लावला, खिशातला वायसर काढला,
लावून पाहिला.
मापात बसत नव्हता.
राहू दे, म्हटलं, झोप.
बरं म्हणाला,
आणि नळाखाली वाटी ठेवली.