हुक कुठं लावायचा

मैथिली कच्छवे तीन कागद गुंडाळून घेऊन आली,
जिंतूर रोडच्या नव्या फ्लॅटसाठी.
भिंतींना करडा रंग दिलाय, म्हणाली,
देव आतल्या खोलीत आहेत,
हॉलमध्ये जरा वेगळं काहीतरी हवं.

मी टेबलावर कागद उलगडले.
गुंडाळी सुटेना,
कोपऱ्यांवर कटर, डिंकाची बाटली,
खिळ्यांचा डबा आणि माझा चहाचा पेला.

पहिल्यावर एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण.
दुसऱ्यावर आठ त्रिशूळ, मधून बाहेर रोखलेले.
तिसऱ्यावर आठ काठ्या,
एकीसारखी दुसरी नाही:
कुणाला आडव्या रेघा, कुणाला अर्धगोल,
कुणाच्या टोकाला नुसतंच टिंब.

कुठलं हे?
उत्तरेकडचं.
आमच्या उत्तरेला जिंतूर, फार तर हिंगोली.
तसं नाही काका, जर्मनीच्याही वर. बर्फातलं.
जगात जर्मनी, भारतात परभणी, एवढं पाठ होतं;
जर्मनीच्या वर काही असतं
हे आज कळलं.

तिसऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली,
हे जवळ असलं की माणूस
वादळात, धुक्यात वाट चुकत नाही,
वाट माहीत नसली तरी.

तीस वर्षं चौकटी करतोय.
गणपती, मक्का-मदिना, लग्नाच्या जोड्या,
वारलेली माणसं, हाराला जागा सोडून.
कुणाचं डोकं कुठं, हे विचारायची
वेळ आली नव्हती.

ताई, वरची बाजू कोणती?
तिनं फोन काढला, चित्र शोधलं.
फोन आडवा केला,
तर चित्रही फिरलं.
तुम्हीच ठरवा, म्हणाली, तुमचा हात बसलाय.

दुपारी झमकाबाई आली तांड्यावरून,
आरशाच्या चिपा वेचायला, नेहमीसारखी.
टोपलीत खुळखुळ, हातात खुळखुळ.
जाताना मान वाकडी करून बघितलं
आणि म्हणाली,
उलटं धरलंस की रे, मुनाफ.
तुला काय ठाऊक?
मला कशाचं ठाऊक.
पाय वर असल्यावर दिसतंच की.

मी फिरवलं.
मग पुन्हा फिरवलं.
संध्याकाळी मागच्या प्लायला
चारी बाजूंनी चार हुक ठोकले,
बिलात एकच लावला.

फ्लेक्सवाल्यानं एक प्रत जास्तीची दिलेली,
शाई जरा पसरलेली. राहू द्या तुम्हाला, म्हणाली.
तिला उरल्यासुरल्या पट्ट्या लावल्या:
एक सागवानी, एक सोनेरी,
एक काळी, एक पांढरी, वाळवी लागता लागता वाचलेली.
कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली,
शटरच्या किल्लीच्या वर.

दुकानात स्टेशनचा भोंगा ऐकू येतो.
अझीम सिकंदराबादच्या गाडीत बसला
त्याला दोन रमजान झाले.
नंबर लागतो. उचलत नाही.

सकाळी शटर वर केलं
की झाडू मारायच्या आधी
मी चौकट एक हुक फिरवून ठेवतो.
चारांतला एक तर बरोबर असेल.
काल काळी पट्टी वर होती.
आज सागवानी.