दरदानी

आमच्या सावरटोल्यात
डुकरं हाकलायच्या जुगाडाला दरदानी म्हणतात.
वर झाडाला एक डबा, बुडाला दाभणाचं भोक,
खाली दोरीला लोंबता दुसरा.
थेंब थेंब करत खालचा जड झाला
की दोरी ताणते, खुंटी सुटते,
दगड परातीवर. ठण्ण.
शब्द कुठला, कुणी विचारत नाही.
शाळेतले मास्तर म्हणाले, फारसी असेल.

उरकुडा मारबतेचा शब्द आहे तो.
माझ्या आज्याचा बाप. कहार.
वैनगंगेवर डोंगा घालायचा, लग्नसराईत मेणा वाहायचा,
म्हणून सरकारनं त्याला जखमी उचलायला नेलं.
भरतीच्या साहेबानं छाती मोजली नाही म्हणे,
नुसता खांद्यावरचा गट्टा दाबून पाहिला.

तो सांगायचा, आज्यानं ऐकलेलं,
माझ्यापर्यंत चाळणीतून आलेलं:
"दोन जमिनीच्या मधात पानी होतं.
पुरातल्या वैनगंगेएवढं, जास्त नाही.
तेवढ्यासाठी साऱ्या दुनियेची जहाजं.
आधी जहाजं घुसली, त पान्यात सुरुंग.
मंग मानसं उतरवली, त टेकडीवर तुर्क.
मले इचारलं असतं त सांगतलो असतो,
वरून कोनी पाहत असन
त घाट आपला नसते."

आठ महिने.
डोलीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मंडल्याचा झाडू कहार,
मधे कधी गोरा, कधी गुरखा,
एकदा खेचरं हाकणारा, खेचराचं नाव घेत.
वाटेत कोण कधी मेला
हे त्याला खांद्याला कळायचं,
मागं वळून पाहावं लागायचं नाही.
प्यायचं पाणी जहाजातून, मोजून.
माशा मात्र मोजल्याविना.
कार्तिकात वादळ आलं, खंदक नाल्यासारखे वाहिले,
दोन दिवसांत सगळं गोठलं.
बर्फाला तो मरेपर्यंत गारेचं पीठ म्हणाला.

ते पाणी त्याला दिसलंच नाही.
टेकडीच्या पलीकडे होतं. निळं, म्हणे.

मग एका रात्री निघायचं ठरलं,
अख्ख्या मोहिमेत तेवढंच नीट जमलं.
बुटांना चिंध्या, खुरांना गोणपाट,
खोकला आला तर दातांत फडकं.
मागे रिकाम्या खंदकात बंदुकांना बांधलेले डबे,
वरच्यातून खालच्यात थेंब,
थेंब,
चाप ओढला जायचा, गोळी सुटायची
कुणी नसताना.
होडीत बसून तो ऐकत राहिला.

पदक त्यानं जाळ्याला बांधलं, शिशाच्या गोळ्यांच्या रांगेत.
ते डोहात गेलं.
डबे मात्र आले, नदीच्या रेतीतल्या डांगरवाडीत,
आणि त्या समुद्राचं नाव,
त्याच्या जिभेला जमलं तेवढं.

गेल्या साली धरणाचं पाणी चढलं.
आम्हीही गेलो होतो. रात्री, सदतीस डोंगे,
दरवाज्यांवर कब्जा करायला.
मधल्या धारेत पोचलो आणि भिंतीवरून उजेड पडला,
पांढराफेक. डोंग्यातले मासेसुद्धा दिसत होते.
फगवा डोयेचा डोंगा उलटला, तो पोहत आला.
बाकीचे काठाकाठानं परतलो,
कुणी कुणाशी बोललं नाही.

डांगरवाडी गेली, मग घाट, मग मारुतीचा पार.
नव्या गावठाणात नळ आहेत. सकाळी पाऊण तास.

शेवटच्या ट्रॉलीत बाजा, कोंबड्या, गुंडाळलेली जाळी.
"दरदानी ठेवू का?" पोरानं विचारलं.
मी ती काढली नाही.
वरचा डबा काठोकाठ भरला,
दोरी ओढून पाहिली,
परात अंगणाकडे वळवली.

नाल्याच्या पुलावर होतो तेव्हा आला आवाज.
कुत्री उठली.
ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला,
"मागं कोनी राहिलं का जी?"
मी म्हणालो, असन.