इतिवृत्तात न आलेलं

सार्वजनिक सुरक्षा समिती. मंगळवार, संध्याकाळी सात.
अग्निशमन केंद्रामागची खोली, सभासद तीन,
कॉफी सकाळचीच.

तक्रार चौथी : अकरा, टॅनरी स्ट्रीट.
गवत गुडघ्याच्या वर. पोर्चची पायरी निखळलेली.
अंगणात बिनचाकांची फोर्ड,
तिच्यात रकूनचं बिऱ्हाड, पिलांसकट.
तक्रारदार लोरेटा विश्नेव्स्की, शेजारीण.
फोटो आणलेत, मे महिन्यापासूनचे,
प्रत्येकामागे तारीख, पेन्सिलीनं.

मालक ऑर्विल टेटलो. गैरहजर.
नोटीस तीनदा डकवली दारावर.
तिन्ही आहेत तिथेच, एकीवर एक.

अध्यक्ष चष्मा पुसतात. दंड?
रोजचे पंचवीस डॉलर. सूचक हिकी, अनुमोदक प्रुइट.
मी लिहिते. त्याचाच पगार घेते.

मग लोरेटा म्हणते,
आणि इथे माझं पेन थांबतं,
"त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा
पहाटे साडेपाचला लागायचा. मी उठायची त्यावर.
आता लागलेलाच असतो, रात्रंदिवस.
दार वाजवलं तर आतून म्हणतो, बरा आहे.
कुणीतरी आत जाऊन बघा हो.
तुमच्या खिडकीवर अर्ज मिळाला तो गवताचा.
माणसाचा नव्हता."

कुणी खाकरलं.
विषय पाचवा : रस्त्यावर टाकायचं मीठ, हिवाळ्याची खरेदी, सहा टन की आठ.

त्यावर मतदान झालं तेव्हा
कोपऱ्यातली एक खुर्ची रिकामी होती.
फायर चीफ डूलीची. टोपीही नव्हती खुंटीला.
बाहेर गाडी सुरू झाली, सायरनशिवाय.

मी लिहिलं : आठ टन, एकमताने.