सात

कार्डिफच्या स्टुडिओत माझं काम एवढंच:
दर गुरुवारी सहा कांदे सोलून
सफरचंदांच्या टोपलीत ठेवायचे.

ग्लेनिस प्रॉसर, शाळेत जेवण वाढणारी, वय त्रेसष्ट.
निळ्या खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकली तिनं.
"चाव," संमोहनवाला म्हणाला, "गोड आहे."
ती चावली. "गोड आहे," म्हणाली.
डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी,
डोळ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मग त्यानं तिच्या डोक्यातून
सातचा आकडा काढून घेतला,
भातातून खडा काढावा तसा.
"आता बोटं मोजा, बाई."
पाच, सहा, आठ, नऊ…
अकरा.
पुन्हा मोजली. अकरा.
हात उलटेपालटे करत राहिली,
हे जास्तीचं बोट कुणाचं,
कुणी विसरून गेलं का इथे?
दर चुकीला पन्नास पौंड. बझर. प्रेक्षक लोळत होते.
मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

चुटकी वाजली, जागी झाली.
चारशे पौंड, एक टोस्टर.

मागच्या दाराशी टॅक्सी उभी होती,
मी टोस्टरचं खोकं धरून.
"कुठे?"
"बार्न टेरेस."
"घर नंबर?"
"सहाच्या पुढचं. आठच्या अलीकडचं."
"म्हणजे सात की!"

तिनं माझ्याकडे पाहिलं,
चांगली टक्क जागी होती.
मग काच वर करत ड्रायव्हरला म्हणाली,
"इतक्यात आठवण करून देऊ नकोस.
जरा फिरव कुठेतरी.
मीटर चालू दे."